नवे इअरफोन घ्यायच्या आधी

प्रश्न कोथरूडच्या एका ताईंचा आहे. त्या ऑनलाइन शास्त्रीय गाणं शिकतात. फोन तीन वर्षांचा, गोल पिनेचे इअरफोन लागणारा. इअरफोन काढून ठेवले तरी स्क्रीनवर हेडफोनचं चिन्ह तसंच राहतं आणि फोनचा आवाज बाहेर येत नाही. लावले तर मध्येच एका कानातला आवाज जातो. चार्जिंगलाही हल्ली फार वेळ लागतो. म्हणून दोन हजारांपर्यंतचे ब्लूटूथ इअरबड्स घ्यावेत असं त्यांच्या मनात आहे. मुलासाठीही एक जोडी हवी आहे. तो रोज पीएमपीच्या बसने हिंजवडीला जातो आणि त्याच्या फोनला फक्त सी-टाइपचं भोक आहे.

ताई, इअरबड्सचं नंतर बघू. तुमच्या तिन्ही तक्रारींचा संशय एकाच जागेवर जातो, ती म्हणजे फोनच्या कडेची दोन भोकं. बुधवार पेठेत फोन दुरुस्तीच्या टेबलावर माझी बरीच वर्षं गेली आहेत. अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना काहीच विकत घ्यावं लागत नाही. फोन पर्समध्ये, खिशात राहतो. कापडाचा बारीक भुगा त्या भोकांत शिरतो आणि प्रत्येक वेळी पिन घातली की आणखी आत दाबला जातो. वर्ष-दोन वर्षांत त्याचा असा घट्ट थर बसतो की पिन पूर्ण आत जातच नाही.

पण अंदाजावर जाऊ नका, आधी दोष कुठे आहे ते पक्कं करा. तुमचे इअरफोन घरातल्या दुसऱ्या फोनला लावा आणि दुसऱ्याचे इअरफोन तुमच्या फोनला. इअरफोन दुसरीकडे नीट वाजले तर दोष फोनमध्ये. तिकडेही एक कान गेला तर दोष इअरफोनमध्ये. ही अदलाबदल न करता लोक थेट दुकानात जातात, नवी वस्तू घेऊन घरी येतात आणि तीच तक्रार पुन्हा सुरू होते. दुसरे इअरफोन हाताशी नसतील तर गाणं चालू ठेवून पिन भोकात हलकेच गोल फिरवा. आवाज येत-जात राहिला तर भोकाकडे बघायचं. पिन स्थिर धरून तिच्या मुळाशी वायर हलवल्यावर आवाज तुटत असेल तर वायर आतून तुटली आहे. ती बहुधा तिथेच तुटते, कारण जास्त ताण तिथे येतो.

हेडफोनचं चिन्ह अडकण्याचं कारण साधं आहे. पिन आत गेली की भोकातली एक बारीक पत्ती हलते आणि त्यावरून फोनला कळतं की इअरफोन लागला. भुगा किंवा ओल त्या पत्तीशी बसली तर पिन काढल्यावरही फोनला ती आतच आहे असं वाटतं. फोन बंद करा, भोक खाली येईल असा धरा, टॉर्चच्या उजेडात लाकडी टूथपिकने कडेकडेने भुगा सैल करून बाहेर ओढा. सेफ्टी पिन, सुई, केसांची पिन यातलं काही घालू नका. आतल्या पत्त्या नाजूक असतात आणि धातू टेकला तर शॉर्टही होतं. तोंडाने फुंकर मारू नका, वाफेने ओल आत जाते. साफ केल्यावर पिन दोन-चार वेळा आत-बाहेर करा आणि फोन चालू करा. एवढं करूनही चिन्ह राहिलं तर बहुधा पत्ती वाकली आहे. बऱ्याच फोनमध्ये हा जॅक मुख्य बोर्डावर नसून खालच्या छोट्या चार्जिंग बोर्डावर असतो, आणि तो छोटा बोर्ड बदलणं फार खर्चाचं नाही. कोणी न उघडताच ‘मदरबोर्डचं काम आहे’ म्हणालं तर फोन उचलून दुसरीकडे जा.

एका कानाच्या तक्रारीत आणखी दोन गोष्टी बघायच्या. फोनच्या सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी नावाचा भाग असतो, त्यात डाव्या-उजव्या आवाजाचा तोल साधणारी एक पट्टी असते. लहान मुलांच्या हाताने ती एका बाजूला सरकलेली मी अनेकदा पाहिली आहे. ती मधोमध आणा. दुसरी गोष्ट म्हणजे इअरफोनच्या तोंडावरची जाळी. कानातला मळ तिथे बसून वाळतो आणि आवाज हळूहळू दबतो, इतका हळू की माणसाला वाटतं यंत्रच बिघडलं. रबरी टोपी काढून वेगळी धुवा. जाळी खाली तोंड करून कोरड्या, मऊ दातांच्या ब्रशने घासा, म्हणजे मळ आत न जाता खाली पडेल.

एक वेगळं लक्षणही सांगून ठेवतो, कारण जुने इअरफोन घरात पडलेले असतात आणि लोक ते नव्या फोनला लावतात. वाद्यं ऐकू येतात, पण गायकाचा आवाज गायब होतो किंवा विहिरीतून आल्यासारखा लांबून येतो. हा बिघाड नाही. माइकवाल्या पिनेवर तीन कड्या असतात आणि त्यांनी पिनेचे चार भाग होतात: डावा कान, उजवा कान, अर्थिंग (म्हणजे परतीची सामाईक तार) आणि माइक. शेवटच्या दोघांचा क्रम पूर्वी सगळ्या कंपन्यांचा एक नव्हता. क्रम जुळला नाही की अर्थिंग नीट मिळत नाही आणि कानाला डाव्या-उजव्या आवाजातला फक्त फरक पोचतो. गायकाचा आवाज दोन्ही बाजूंना सारखा असतो, म्हणून नेमका तोच वजा होतो. माइकचं बटण दाबून धरलं आणि आवाज भरून आला तर हेच कारण समजा. क्रम बदलून देणारा छोटा जोड मिळतो.

आता चार्जिंग. केबलचं टोक पूर्ण आत बसतं का, की थोडं बाहेर राहून डुलतं? डुलत असेल तर पुन्हा तोच भुगा. सी-टाइपच्या भोकात मधोमध एक पातळ जीभ असते आणि सगळे संपर्क तिच्यावर असतात. म्हणून टूथपिक ब्लेडने चपटी करा आणि जिभेला न टेकता फक्त भिंतीच्या कडेने फिरवा. हात थरथरत असेल तर हे दुकानात करून घ्या, थोड्या वेळाचं काम आहे. भोक स्वच्छ असूनही वेग मिळत नसेल तर आधी केबल बदलून बघा, मग अडॅप्टर. अनेक कंपन्यांचं जलद चार्जिंग त्यांच्या स्वतःच्या पद्धतीचं असतं. त्यांचा फोन दुसऱ्या कंपनीच्या अडॅप्टरवर, तो कितीही वॉटचा असला तरी, बहुधा पूर्ण वेगाने चार्ज होत नाही. त्याला फोनचा दोष म्हणता येत नाही.

एवढं केल्यावर तुमच्या फोनला पूर्वीचेच इअरफोन चालू लागण्याची शक्यता मोठी आहे. तरीही नवे घ्यायचे असतील तर माझं मत स्पष्ट आहे: गाण्याच्या क्लाससाठी वायरचेच घ्या. ब्लूटूथ इअरबड्स चांगली वस्तू आहे, पण तुमच्या कामाची नाही, आणि त्याची कारणं नीट समजून घेण्यासारखी आहेत.

ब्लूटूथवर आवाज दोन तऱ्हांनी जातो. नुसतं गाणं ऐकताना एक तऱ्हा, तिच्यात आवाज भरपूर तपशिलासह येतो. पण माइक चालू झाला, म्हणजे कॉल किंवा व्हिडिओ क्लास सुरू झाला की बहुतेक इअरबड्स दुसऱ्या, बोलण्यासाठी केलेल्या तऱ्हेवर जातात. तिथे आवाजाचे नमुने सेकंदाला ८ हजार किंवा १६ हजारच घेतले जातात, त्यामुळे अनुक्रमे साधारण ४ आणि ८ किलोहर्ट्झच्या वरचं काही पोचूच शकत नाही. बोलणं कळायला ते पुरतं. पण तानपुऱ्याची जवारी, तिच्यातून उमटणारे वरचे स्वर, गुरुजींच्या ‘आ’कारातली धार हे बरंचसं त्या मर्यादेच्या आसपास आणि वर असतं. विद्यार्थी म्हणतात, ‘रेकॉर्डिंग छान ऐकू येतं, क्लासमध्ये मात्र पत्र्यासारखं लागतं.’ इअरबड्स तेच असतात, फक्त मार्ग बदललेला असतो. महागडी जोडी घेऊनही हे बहुधा टळत नाही. वायरमध्ये हा प्रश्नच येत नाही.

दुसरं कारण कानाचं आहे. रबरी टोपीचे इअरफोन कानाचं छिद्र बंद करतात. बंद कानाने गायलात की स्वतःचा आवाज हाडांतून आत येऊन घुमतो, मोठा आणि जाड वाटतो. मग गाणारा नकळत आवाज दाबतो आणि स्वर हलतो. आत्ता दोन्ही कानांत बोटं घालून षड्ज लावून बघा, लगेच कळेल. म्हणून गाणाऱ्यांसाठी जुन्या धाटणीचे, कानाच्या तोंडाशी नुसते टेकणारे, टोपी नसलेले वायरचे इअरफोन मला जास्त योग्य वाटतात. तसे मिळाले नाहीत तर टोपीचा एकच कानात घाला, दुसरा कान मोकळा ठेवा.

आणि ज्याबद्दल फार थोड्यांना माहिती असतं ते तिसरं: व्हिडिओ कॉलची ॲप्स मागचा गोंगाट पुसून टाकतात. एकसारखा, न थांबणारा आवाज म्हणजे पंखा किंवा मिक्सर, असं त्यांचं गणित असतं. तानपुरा नेमका तसाच, एकसारखा आणि न थांबणारा. त्यामुळे तुमच्याकडचा तानपुरा गुरुजींना ऐकूच जात नाही, कधी लांबवलेला स्वरही मध्येच विरतो, आणि दोष इअरफोनला लागतो. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ म्हणून सेटिंग आहे, ते चालू करा. गूगल मीटमध्ये आवाज गाळण्याची सोय बंद करा. गुरुजींनाही त्यांच्या बाजूला हेच करायला सांगा. नवीन इअरफोनने जो फरक पडेल त्यापेक्षा या एका सेटिंगने जास्त पडेल.

मुलाचं काम वेगळं आहे, त्याला इअरबड्स शोभतात. बसमधला इंजिनचा घरघराट खालच्या पट्टीतला आणि सतत असतो. एएनसी, म्हणजे बाहेरच्या आवाजाच्या उलट लाट तयार करून तो खोडणारी सोय, अशाच आवाजावर चांगली चालते. हॉर्न, कंडक्टरची हाक, शेजारच्यांच्या गप्पा त्याने फारशा कमी होत नाहीत, तिथे रबरी टोपी घट्ट बसण्याचाच उपयोग. खोक्यावर मात्र नीट वाचा. कमी किमतीच्या पुष्कळ जोड्यांवर मोठ्या अक्षरांत ईएनसी लिहिलेलं असतं. ती सोय माइकसाठी असते. समोरच्याला तुमच्या मागचा गोंगाट कमी ऐकू जावा एवढंच तिचं काम, तुमच्या कानातला बसचा आवाज तिने एक तसूभर कमी होत नाही. हा गोंधळ दुकानदारही दूर करत नाहीत.

खोक्यावरच्या बाकी आकड्यांना फार भुलू नका. ड्रायव्हर, म्हणजे आतला चिमुकला स्पीकर, १० मिलिमीटरचा की १३चा, यावरून आवाज चांगला की वाईट ते ठरत नाही. ‘४० तास बॅटरी’ हा आकडा डबीतल्या चार्जसकट असतो. इअरबड्स स्वतः एका दमात किती चालतात ते विचारा. ब्लूटूथवर आवाज पाठवण्याच्या पद्धतींची एलडॅकसारखी भारी नावं फोन आणि इअरबड्स दोघांतही असतील तरच कामाची. आयफोनला एलडॅक लागूच नाही, तो एएसी नावाची पद्धत वापरतो. आयपीएक्स-४ म्हणजे घाम आणि शिंतोडे सोसण्यापुरता पाण्यापासून बचाव, एवढं हिंजवडीच्या पावसाळी रस्त्यासाठी ठीक आहे, पण सिंहगडावर भिजत जायचं असेल तर ते खिशातच बरे. लॅपटॉप आणि फोन दोन्हींना एकाच वेळी जोडता येतात का, हे मात्र ऑफिसात जाणाऱ्याने जरूर विचारावं.

आणि बॅटरी. इअरबडमधला सेल अगदी चिमुकला असतो, रोजच्या वापराने दोन-तीन वर्षांत तो दमतो, आणि बदलायचा म्हटलं तर इअरबड फोडावाच लागतो. बहुतेकांत ते काम परवडत नाही. म्हणून दोन हजारांच्या वर जायचा मोह मी तरी टाळीन. गळ्यातल्या पट्ट्याच्या नेकबँडमध्ये सेल मोठा असतो, जास्त टिकतो, आणि गर्दीच्या बसमध्ये एक कान पडून हरवत नाही. तरुणांना तो जुना वाटतो हे मला माहीत आहे, पण उभं राहून प्रवास करणाऱ्याला मी अजूनही तोच सुचवतो.

त्याला वायरचे हवे असतील तर सी-टाइपचे इअरफोन मिळतात, किंवा गोल पिनेचे इअरफोन जोडायचा छोटा जोड. २०१६ साली आयफोन ७ मधून गोल पिनेचं भोक गेलं आणि मग बाकीच्या कंपन्याही त्या वाटेने गेल्या, तेव्हापासून हे जोड बाजारात आहेत. ते दोन जातींचे असतात. एकात आवाज तयार करणारी चिप असते, तिला डॅक म्हणतात, दुसऱ्यात नुसत्या तारा. नुसत्या तारांचा जोड चालायला फोननेच सी-टाइपमधून तयार आवाज बाहेर द्यावा लागतो, आणि अनेक फोन तो देत नाहीत. घेताना ‘डॅकवाला द्या’ म्हणा आणि मुलाचाच फोन नेऊन तिथेच लावून बघा.

पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात किंवा कुठेही घ्या, पक्कं बिल मागा. वायरलेस इअरफोनला आपल्याकडे बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, नोंदणी सक्तीची आहे. खोक्यावर आर अक्षरानंतर आठ आकडी क्रमांक असतो, तो ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की कंपनीचं नाव दिसतं. नाव जुळलं नाही तर घेऊ नका. नकली मालात मला खरी काळजी आवाजाची नाही, कानाशी ठेवायच्या त्या स्वस्त लिथियम सेलची वाटते.

टोपीचा आकार घरी शांतपणे ठरवा. तिन्ही मापं लावून तबल्याचा बायाँ, म्हणजे डग्गा, ऐका. ज्या मापात तो भरीव लागतो ते तुमचं. डाव्या आणि उजव्या कानाचं माप वेगळं निघालं तरी आश्चर्य नाही. ‘बास नाही’ म्हणून परत आणलेली जोडी कित्येकदा फक्त टोपी बदलून ठीक होते.

आवाजाच्या पातळीबद्दल मी आग्रहाने बोलतो, कारण कान दुरुस्त करायला माझ्याकडे काही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार मोठ्या माणसाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा. ९० डेसिबल झाला की तोच वेळ ४ तासांवर येतो, कारण दर ३ डेसिबलला मुभा निम्मी होते. बसच्या गोंगाटावर मात करायला मुलगा आवाज वाढवत असेल तर एएनसीचा खरा फायदा इथे आहे. बाहेरचं कमी झालं की आवाज कमी ठेवूनही ऐकू येतं. कानात शिट्टी वाजत राहिली तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा, थांबू नका. आणि दुचाकीवर, रस्ता ओलांडताना दोन्ही कान मोकळे. पुण्याच्या रस्त्यांवर मागून काय येतंय ते ऐकू येणं फार गरजेचं आहे.

मुलगा कधी दुचाकी नेत असेल तर आणखी एक. हँडलला स्टँड लावून नकाशा बघायची सवय सगळ्यांना लागली आहे. ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये स्वतः जाहीर केलं की मोटरसायकलच्या इंजिनाची थरथर दीर्घकाळ पोचली तर आयफोनच्या कॅमेऱ्याची स्थिरता बिघडू शकते. हलती भिंग असलेल्या कोणत्याही कॅमेऱ्याला हा धोका आहे. फोटो हलल्यासारखे येणं, कॅमेरा उघडला की आतून खरखर ऐकू येणं, अशा फोनला कॅमेराच बदलावा लागतो. नकाशा कानात ऐकायचा नाही आणि हँडलला लावायचा नाही, तर निघण्याआधी रस्ता बघून घ्या आणि अडलं तर बाजूला थांबून बघा. उन्हाळ्यातही हँडलवरचा फोन लवकर तापतो. फोन साधारण ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला बनवलेले असतात आणि आपल्याकडे एप्रिलमध्ये दुपारी पारा त्याच्या वर असतो. तापलेला फोन चार्जिंगला लावला की बॅटरीचं आयुष्य झपाट्याने घटतं. फोनची पाठ फुगली, स्क्रीन कडेने उचलली गेली तर तो चार्ज करू नका, दाबू नका, त्याच दिवशी बॅटरी बदलून घ्या.

पावसात भिजलेला फोन तांदळाच्या डब्यात ठेवू नका. ॲपलनेही आपल्या सूचनांमध्ये तसं लिहिलं आहे, तांदळाचे बारीक कण आत जाऊन नुकसान करतात. फोन बंद करा, सिम काढा, भोक खाली करून हातावर हलकेच आपटा आणि पंख्याच्या वाऱ्यात उभा ठेवा. चार्जर अजिबात लावायचा नाही, पाण्यापेक्षा पाण्यातली वीज फोन मारते. आत पाणी गेल्याची शंका असेल तर लवकर उघडून साफ करून घ्या, आठवड्यानंतर गंज चढलेला असतो.

कॉलवर समोरच्याचा आवाज बारीक येतो, पण इअरफोनवर ठीक येतो, अशी तक्रार असेल तर वरच्या फटीत पावडर आणि घाम साचला आहे, कोरड्या ब्रशने निघतो. स्क्रीन गार्डने ती फट झाकली गेली नाही ना, तेही बघा. फोन अडखळत असेल तर व्हॉट्सॲपच्या स्टोरेजमध्ये जाऊन मोठे व्हिडिओ काढून टाका. जागा काठोकाठ भरली की कोणताही फोन रेंगाळतो.

तुमचा जॅक साफ करून सुटला नाही आणि दुकानात द्यावा लागला, तर देण्याआधी फोटोंचा बॅकअप घ्या, सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या. *#०६# दाबून येणारा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, घरी वहीत लिहून ठेवा. फोन कधी चोरीला गेला तर पोलिस तक्रारीच्या प्रतीसह सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर तो बंद करून घ्यायला हाच क्रमांक लागतो. सॅमसंग आणि पिक्सेलच्या बऱ्याच फोनमध्ये दुरुस्तीसाठी वेगळा मोड असतो, तो चालू केला की कारागिराला फोन तपासता येतो, पण तुमचे फोटो आणि संदेश दिसत नाहीत. तो नसेल तर पासवर्ड कागदावर लिहून देऊ नका, समोर उभं राहून स्वतः फोन उघडून द्या. जॅक तपासायला पासवर्ड लागत नाही, तुमचे जुने इअरफोन मात्र सोबत न्या. काम झाल्यावर आधी दोन्ही कान, मग माइक, मग चार्जिंग तपासा, आणि काढलेला जुना भाग मागून घ्या.